उशिरा उडणारा बार: एका ब्रीच प्लगचं प्रकरण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हरणाच्या शिकारीचे हंगाम वाटून दिलेले असतात. धनुष्यबाणाचा वेगळा, बंदुकीचा वेगळा, आणि जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवस ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या, बंदुकीचे. त्यामुळे डिसेंबर सरत आला की रेंजवर गर्दी होते. वर्षभर कपाटात उभी असलेली रायफल काढून जो तो नेम तपासून घेत असतो.

आमच्या गावातले एक काका त्या गर्दीत होते. मूळचे कऱ्हाडकडचे, मेकॅनिकल इंजिनियर, आता निवृत्त. घरामागे जमीन आहे, तिथे ते भाजीपाला लावतात आणि हरणं तो फस्त करतात. त्यांची शिकारीची आवड त्या रागातून सुरू झाली. रायफल .५० कॅलिबरची, मधून मोडून उघडणारी, स्टेनलेस नळीची. रेंजवरूनच त्यांचा मला फोन आला.

"अरे, बार उशिरा उडतोय. चाप ओढला की टिक होतं, मी म्हणतो गेला फुसका, आणि तेवढ्यात धडाम!"

"प्रत्येक वेळी?"

"पहिले दोन बरे गेले, मग हा प्रकार. प्रायमर बदलले, दारूचा नवा डबा फोडला, काही फरक नाही. आणि नळी म्हणशील तर आरसा आहे आरसा. मी स्वतः घासलीय."

प्रायमर म्हणजे चाप ओढल्यावर ठोक्याने पेटून दारूला आग देणारी छोटी टोपी. तो उडूनही दारू उशिरा पेटली की त्याला हँगफायर म्हणतात. नेम चुकतो ही त्यातली किरकोळ बाजू. खरा धोका असा की 'टिक' ऐकून माणूस रायफल खाली घेतो, उघडायला जातो, आणि बार त्या क्षणी उडतो. म्हणून न उडालेल्या किंवा उशीर करणाऱ्या रायफलीची नळी निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबायचं, मगच हात लावायचा. काका थांबले होते. मी त्यांना गोळीबार बंद करून एवढी एकच चाचणी करायला सांगितली: रायफल रिकामी असल्याची खात्री करा, गजाने एक कोरडं फडकं नळीच्या तळापर्यंत न्या, गज बाहेर काढा (हे विसरलं तर गज समोर उडतो), नळी मातीच्या बांधाकडे धरून नुसता प्रायमर उडवा आणि फडकं ओढून बघा. थोड्या वेळाने त्यांनी फोटो पाठवला. पांढऱ्या फडक्यावर मधोमध करडा डाग, बोटाने पुसला असावा तसा. जळाल्याची खूण नाही. प्रायमर उडत होता, पण त्याची आग दारूपर्यंत पुरेशी पोचत नव्हती.

ही आग जाते कुठून

जुन्या ठासणीच्या बंदुकीत घोडा बाजूला असतो आणि आग एक वळण घेऊन नळीत शिरते. इनलाइन रायफलीत प्रायमर नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत बसतो. ही रचना लोकप्रिय केली मिसुरीच्या टोनी नाइट यांनी, १९८५ मध्ये आलेल्या एमके-८५ या रायफलीतून. तिचा मोठा गुण म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा आटे असलेला प्लग काढता येत होता, म्हणजे नळी मागून आरपार साफ करता येऊ लागली.

आजच्या बहुतेक इनलाइन रायफली शॉटगनच्या काडतुसातला २०९ नंबरचा प्रायमर वापरतात. तो या नळी बंद करणाऱ्या प्लगच्या, म्हणजे ब्रीच प्लगच्या, मागच्या खोबणीत बसतो. तिथून पुढे प्लगच्या पोटातून एक बोगदा जातो, आणि बोगद्याच्या टोकाशी सुईच्या जाडीचं छिद्र असतं. त्या छिद्रापलीकडे दारू. काकांच्या प्लगच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे बोगदा १/८ इंचाचा, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर, आणि पुढचं छिद्र ०.८ मिलिमीटरच्या आसपास. इतर बनावटींची मापं वेगळी असू शकतात, तेव्हा आपापली पुस्तिका बघावी.

दर बाराला या बोगद्यातून दोनदा वाहतूक होते. आधी प्रायमरची आग आणि तिची राख पुढे जाते. मग नळीत दाब चढला की थोडा वायू त्याच छिद्रातून मागे घुसतो. दोन्ही वेळा भिंतीवर काहीतरी चिकटतं, आणि पुढच्या बाराच्या उष्णतेने ते भाजून निघतं.

काकांच्या बोलण्यात न आलेल्या दोन खुणा रायफल हातात आल्यावर दिसल्या. नवा प्रायमर अंगठ्याने रेटावा लागत होता आणि वापरलेला काढायला चिमटा लागत होता. शिवाय मागच्या बाजूला, प्रायमर बसतो त्याभोवती, काळ्या धुरकट रेषा उमटल्या होत्या. पुढची वाट अरुंद झाली की प्रायमरचा जोर मागून फट शोधतो. या दोन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या.

प्लग बाहेर काढताना

रायफल रिकामी आहे असं कुणी कितीही सांगो, गज घालून बघायचंच. काकांच्या गजावर रिकाम्या नळीची खूण मार्करने केलेली होती, ती तोंडाशी बरोबर जुळली. ज्यांच्या गजावर अशी खूण नाही त्यांनी आजच करून ठेवावी, दोन मिनिटांचं काम आहे.

प्लग जाम होता. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावलेलं अँटी-सीझ वंगण वाळून गेलं होतं. स्टेनलेस नळीत स्टेनलेस प्लग अडकला की जोर करणं हा सर्वात वाईट उपाय. आटे एकमेकांना ओरबाडतात आणि मग प्लग निघतो तो आटे घेऊनच. मागून आट्यांवर मुरणारं तेल सोडलं आणि रायफल रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी त्याच रायफलीसाठीच्या पान्याने तो कुरकुरत सुटला. पाना बोथट असता तर प्लगचे कोपरे गोल झाले असते, म्हणून "बघू, पकडीने निघतोय का" हा काकांचा विचार मी मोडून काढला.

खिडकीसमोर धरून प्लगमधून पाहिलं तर पुढच्या छिद्राचा प्रकाश स्वच्छ दिसत होता. इथे अनेकजण फसतात. उजेड दिसला की वाट मोकळी समजतात. मी ०.८ मिलिमीटरचा बारीक ड्रिल बिट पुढच्या बाजूने त्या छिद्रात घातला, तो सहज गेला. म्हणजे छिद्र बुजलेलं नव्हतं. मग १/८ इंचाचा बिट मागून बोगद्यात घातला, तो तोंडाशीच अडला. २ मिलिमीटरचा घातला तेव्हा कुठे घासत घासत टोकापर्यंत पोचला.

३.२ चे २ झाले. ऐकायला फार वाटत नाही, पण आग जाते ती क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. हिशेब केला तर वाट मूळच्या जेमतेम ३९ टक्के उरली होती. काका इंजिनियर, त्यांनी कागदावर स्वतःच आकडा काढला आणि चष्मा काढून ठेवला. पहिले दोन बार बरे का गेले, त्याचाही उलगडा झाला. तेवढ्या वाटेतून आग कशीबशी पुरत होती. त्यावर दोन बारांची ताजी काजळी बसली आणि उरलेली पुंजीही संपली.

इतकं साचलं कसं

काका साफसफाईत आळशी नव्हते. दर खेपेला प्लग कढत साबणाच्या पाण्यात टाकत, पाइप क्लीनर फिरवत, वाळवून तेल लावत. अनेक वर्षं हे छान चाललं. बदललं होतं ते वेगळंच: दारू.

पारंपरिक काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे उरतं, मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतली ओल ओढतात आणि पोलाद गंजवतात, पण पाण्यात चटकन विरघळतात. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूचा मळही पाण्याने निघतो. क्षार विरघळले की त्यांत गुंतलेली काजळीही बरीचशी सुटून येते. काकांची साबणपाण्याची पद्धत या मळासाठी अगदी योग्य होती.

मग ते नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या पर्यायी दारूकडे वळले. ब्लॅकहॉर्न २०९ हे या प्रकारातलं इथे घरोघरी माहीत असलेलं नाव. तिचे फायदे खरे आहेत: मळ कमी, ओल धरत नाही, दोन बारांमध्ये नळी पुसायची कटकट नाही. नळी आरसा दिसत होती ती त्यामुळेच. पण तिचा जो थोडा मळ उरतो त्यावर पाणी चालत नाही, त्याला नळी साफ करायचं तेलकट सॉल्व्हंट लागतं. बोगद्यातल्या थरात प्रायमरचाही मोठा वाटा असतो. प्रायमरच्या मिश्रणात सहसा शिसं, बेरियम आणि अँटिमनी यांची संयुगं असतात, त्यांची राख काजळीत मिसळून भाजली जाते. पाणी या थरावरून नुसतं वाहून जात होतं, आणि पाइप क्लीनर त्याला पॉलिश करत होता.

त्यात भर म्हणजे काळी दारू ठिणगीवर पेटते, ही दारू तेवढी उतावीळ नाही. तिला चांगली गरम, भरपूर आग लागते. म्हणजे नव्या दारूला जास्त आग हवी होती आणि जुन्या सवयीमुळे वाट मात्र अरुंद होत चालली होती.

एक इशारा इथेच देतो. नायट्रोसेल्युलोज हा शब्द वाचून काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या रायफलीत घालता येईल, असा अर्थ कुणी काढू नये. रायफलीच्या पुस्तिकेत जी दारू दिली आहे तीच. दुसरी घातली तर नळी फुटते आणि हात जातो.

साफसफाई

सुरुवात स्वयंपाकघरातून बाहेर काढले जाण्याने झाली. काका प्लग घेऊन सिंककडे निघाले होते, काकूंनी दारातच अडवलं: "भांडी घासायच्या जागी ते आणायचं नाही." काकूंचं बरोबर होतं, त्यांना वाटत होतं त्याहून जास्त बरोबर. त्या काळ्या भुकटीत शिसं असतं. गॅरेजमध्ये टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर जुना ट्रे, हातात नायट्राइलचे मोजे, दार उघडं. भुकटी तोंडाने फुंकायची नाही, काम झाल्यावर कागद गुंडाळून टाकायचा आणि चहाच्या कपाला लावण्याआधी हात साबणाने धुवायचे.

सॉल्व्हंटमध्ये प्लग दुपारभर भिजत ठेवला. त्याने थर विरघळला नाही, फक्त त्याची पकड सैल झाली. कढईच्या बुडाला बसलेलं कीट जसं भिजवून सुटत नाही, खरवडावं लागतं, तसाच हा ऐवज.

काका बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन आले. मी म्हटलं, "काका, ते ठेवा. हाताने."

"अरे, दहा सेकंदांचं काम आहे."

"दहा सेकंदांत नवा प्लग घ्यायची वेळ येईल."

कारण असं: मोटरवर बिट जरासा डगमगला तरी तो काजळीनंतर पोलाद खायला लागतो, आणि आवाजावरून ते कळत नाही. बोगद्याच्या टोकाशी, पुढचं छिद्र सुरू होतं तिथे, ठरावीक आकार दिलेला असतो. तो बिघडला की आगीचा झोत बिघडतो. हाताने फिरवला की बोटांना सगळं कळतं.

१/८ इंचाचा बिट हाताच्या छोट्या चकमध्ये धरला. बोगद्याची खोली मोजून बिटला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीचा पट्टा गुंडाळला, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसावं. मग अर्धा फेरा घड्याळाच्या दिशेने, बाहेर, फडक्यावर पुसायचं, पुन्हा आत. उलट फिरवायचा नाही, उलट फिरवला की कडा कापत नाही आणि भुकटी भिंतीत दाबली जाते. पहिल्यांदा कोरडी काळी पूड आली. मध्यावर पोचल्यावर चमकदार, काचेसारखे कडक तुकडे यायला लागले, बिटच्या खाचेत अडकून नखाने काढावे लागतील असे. तिथे घाई केली नाही, पुन्हा सॉल्व्हंटचे थेंब सोडले, वाट पाहिली. पट्ट्यापर्यंत पोचलो तेव्हा बिटचा आवाज बदलला. खरखर थांबली, हलकी किर्र ऐकू आली. ते पोलाद. तिथे हात थांबवला.

आतल्या भिंतीवर दोनचार जागी काळपट छटा राहिली होती. काकांना ती खटकत होती, त्यांना तार घालून घासायचं होतं. माझं मत वेगळं आहे. बिट सरळ, न अडता जात असेल तर माप जागेवर आलं. रंग गेला पाहिजे असा हट्ट धरणारे प्लग चकचकीत करतात आणि दर वेळी थोडं पोलाद घालवतात. मी मापाशी थांबतो.

पुढच्या छिद्राला कापायची गरज नव्हती. ०.८ चा बिट नुसता घालून काढला, गेज म्हणून. मग ०.९ चा लावून पाहिला, तो आत शिरला नाही, हे चांगलं लक्षण. ते छिद्र गरम वायूने हळूहळू झिजून मोठं होतं, आणि मोठं झालं की मागे येणारा दाब वाढतो. त्यावर साफसफाई हा इलाज नाही, प्लग बदलावा लागतो. प्रायमरच्या खोबणीतलं काजळीचं कडं पितळी ब्रशने आणि सॉल्व्हंटमध्ये बुडवलेल्या लाकडी काडीने निघालं. माप बघायला एक उडवलेला, रिकामा प्रायमर वापरला. जिवंत प्रायमर घट्ट खोबणीत अवजाराने ठोकून बघण्याचा मोह कुणाला झालाच तर आवरावा.

अल्ट्रासॉनिक मशीनबद्दल काकांनी विचारलं. असेल तर वापरावं, मऊ मळ चांगला निघतो, पण भाजलेल्या थरासाठी शेवटी बिटच लागतो. सिंक मोकळं करायचं आम्ल किंवा ब्लीच मात्र नको. क्लोरीन स्टेनलेसलाही खड्डे पाडतं.

हे वाचणाऱ्यांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचे कुणी असतील तर त्यांच्यासाठी: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि त्या परवान्यावरच्या बंदुका कोकणात अनेक घरांत आहेत. पण त्या जुन्या घडणीच्या, बाजूला घोडा असलेल्या. त्यांचं मागचं बूच एकदा बसवलं की काढायचं नसतं. तिथे काजळी साचते ती केप (त्या बंदुकीचा प्रायमर) बसते त्या छोट्या पोकळ निपलमध्ये, आणि निपल आट्यांवर निघतं. वरची बिटची कृती त्या बंदुकीच्या बुचावर करू नये. काही शंका असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.

परत बसवणं आणि रेंज

आटे जुन्या टूथब्रशने साफ केले, दोन्हीकडचे. नवं अँटी-सीझ पातळ लावलं. बोगदा अल्कोहोलने पुसून कोरडा केला. काका सवयीने आत तेलाचा थेंब सोडणार होते, तो थांबवला. बोगद्यातलं तेल पहिल्याच बाराची आग खातं.

रेंजवर आधी रिकाम्या रायफलीत पुन्हा तीच फडक्याची चाचणी. या वेळी मधोमध काळाकुट्ट गोल डाग, कडेने तपकिरी, आणि मध्यभागी कापड जळून विरलेलं. काकांनी आधीचं करडं फडकं खिशात ठेवलं होतं, ते शेजारी धरून पाहिलं. मग दारू, मग गोळी. थंडी कडाक्याची होती. चाप आणि धडाम यांत अंतर नव्हतं, पहिल्या बारालाही आणि शेवटच्यालाही. उडालेले प्रायमर बोटाने निघत होते.

मागच्या बाजूचा धूर कमी झाला, पण गेला नाही. प्रायमरच्या वरच्या अंगाला एक बारीक काळी रेष उरत होती. घरी आल्यावर भिंगाखाली पाहिलं तर प्लगच्या मागच्या तोंडातला रबरी ओ-रिंग एका बाजूने चपटा होऊन तडकला होता, बहुधा प्रायमर अंगठ्याने रेटून बसवण्याच्या काळात. नवा ओ-रिंग टाकला, पुढच्या खेपेला ती रेषही आली नाही.

काकांनी आता दारूच्या डब्यावर मार्करने 'पाणी नको' असं लिहून ठेवलंय. १/८ इंचाचा तो बिट, पट्ट्यासकट, सफाईच्या पेटीत आहे. रेंजवरून आलं की प्लग निघतो आणि बिट हाताने फिरतो. आता येते ती नुसती मऊ पूड, फडक्याने पुसली जाते. एक जादा प्लगही मागवून ठेवला आहे. जुन्याच्या पहिल्या आट्यावर त्या जाम झालेल्या दिवसाचा ओरखडा आहे, तो वाढला तर लगेच बदलता यावा म्हणून.